चाकांवरचं सागवानी दार

गाडी अंगणात आली त्या दिवशी माय तिच्याकडे पाठ करून अंबाडी निवडत बसली. जुडी होती एवढीशी, पण दुपार उलटली तरी निवडणं काही संपेना. मी गाडीभोवती फेऱ्या मारत होते, टायरांवर थापा मारत होते, उगाच दार सरकवून बघत होते. शेवटी न राहवून मीच म्हटलं, "माय, पाह्य तं खरी." तिनं मानही वळवली नाही. "पाह्यली," म्हणाली. "पिवळी हाये."

पिवळीच होती. तामसीकडच्या खेड्यांतली पोरं आदिलाबादच्या एका शाळेत ने-आण करून म्हातारी झालेली व्हॅन. शाळेनं नवी घेतली, ही विकायला काढली, आणि मी माझी छोटी कार देऊन हिला घरी आणली. आमच्या जैनथमध्ये बातमी पसरायला वेळ लागत नाही. बाईचं डोकं फिरलं, असं संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं होतं.

त्यांचं फारसं चुकत नव्हतं. मी उभी नोकरी तामसीच्या आणि बाजारहत्नूरच्या मराठी शाळांत केली, आणि ती सगळी बसच्या खिडकीशी बसून केली. शाळा आली की उतरायचं. बस पुढं जायची. ती कुठं जाते हे मला ठाऊक होतं, पाटी वाचता येत होती. पण धूळ उडवत ती वळणाआड गेली की मला रोज वाटायचं, आपलं काहीतरी आत राहिलं. डबा असायचा हातात, छत्री असायची, पर्स असायची. तरी वाटायचं. निवृत्त झाले तेव्हा मनाशी एकच ठरवलं होतं, आता मधेच उतरायचं नाही.

म्हणून गाडीतच घर करायचं. झोपायला दोन खाटा, चहा-भाकरीपुरता ओटा, चार पुस्तकं, पाण्याची टाकी, आणि मग गोदावरीच्या काठाकाठानं समुद्र लागेपर्यंत जायचं. मायनं समुद्र पाहिलेला नाही. मी एकदा शाळेच्या सहलीत पाहिला, पण सारा वेळ पोरं मोजण्यात गेला, म्हणजे न पाहिल्यासारखाच.

अडचण एकच होती आणि ती अंबाडी निवडत बसली होती. घरात आम्ही दोघीच. बाप लवकर गेला, भावंडं नाहीत, आणि लग्न मी केलं नाही. का नाही केलं ते गावाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, त्यांनाच विचारा. मायला एकटी टाकून मी कुठं जाणार? ती आली तर गाडी चालणार, नाही आली तर कडूनिंबाखाली उभी राहून गंजणार. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तिलाही माहीत होतं.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "उभा जलम बिऱ्हाड बंडीवर लादून फिरलो. तुले शिकवलं ते काय पुन्ना चाकावर राहाले?"

"बंडी येगळी अन् हे येगळं, माय."

"चाकं तं चाकंच हायेत ना."

आमच्याकडं बैलगाडीला बंडी म्हणतात. दिवाळी झाली की बाप मालकाची बंडी मागून आणायचा. तिच्यावर धान्याचं पोतं, तवा, पाण्याचे दोन गुंड, गोधड्या, आणि या सगळ्याच्या वर मी. पैनगंगेपलीकडं कापूस वेचायला जायचं, तर संक्रांत होऊन जाईपर्यंत घर नावाची वस्तू म्हणजे ती बंडीच. पहाटे निघायचो. मी गोधड्यांवर उताणी पडलेली असायची आणि आभाळ माझ्यावरून हळूहळू सरकायचं. झाडांचे शेंडे यायचे, जायचे. मला वाटायचं, आपण जागच्या जागी आहोत आणि झाडंच कुठंतरी कामाला निघालीत. नदीच्या उतारावर बैल मधोमध थांबून पाणी प्यायचे. बाप हाकायचा नाही, पिऊ द्यायचा. चाकांना पाणी लागून बारीक आवाज यायचा, खालून गारवा वर यायचा, आणि तेवढा वेळ कोणालाच कुठं जायचं नसायचं. इतका सुखाचा वेळ मला पुढं फार कमी मिळाला.

रानात पोचलं की बंडी सोडायची. तिच्या फळ्या ते आमचं छत, आणि भोवती गोणपाटाचे पडदे. फळ्यांच्या फटींतून उन्हाचे पट्टे माझ्या अंगावर पडायचे. मी त्या पट्ट्यांत बोटं घालून बसायची. आई-बाप पऱ्हाटीत दिसेनासे व्हायचे, पांढऱ्या कापसावर नुसती मायच्या पदराची लाल कड हलताना दिसायची. ती कड दिसते आहे तोवर मी राजी असायची.

मायला यातलं काही आठवत नाही. बैल पाणी पीत होते का? पीत असतील. उन्हाचे पट्टे? ते काय असतं? तिला आठवतं ते एवढंच, की दार नव्हतं. गोणपाटाला कडी लावता येत नाही. कुत्रं शिरायचं, वारा शिरायचा, कोणी दारू प्यालेलं बाहेर उभं राहून खाकरायचं. अंधारात आंघोळ करायची, तीही लुगड्याच्या आडोशाला. "निजली तरी एक डोया उघडा ठिवून निजली मी," ती म्हणते. तेच दिवस, तीच बंडी, आणि दोघींचे हिशेब असे उलटे. मी वरून आभाळ पाहत होते आणि ती खालून राखण करत होती.

म्हणून पुढं मला नोकरी लागली, स्लॅबचं घर उभं राहू लागलं, तेव्हा भिंती व्हायच्या आधी तिनं दार करून घेतलं. सागवानी, जाड, लोखंडी कडी-कोयंड्याचं. घराला छत नव्हतं, तेव्हा दार नुसत्या चौकटीसकट उभं होतं आणि माय कामावर आलेल्या माणसांना त्यातून ये-जा करायला लावायची. बाजूनं मोकळं होतं, तरी दारातूनच यायचं! अजूनही दिवे लागले की ती स्वतः उठते आणि कडी घालते. खट् असा आवाज होतो. तो झाला की तिच्या कपाळावरच्या आठ्या जातात. घरात कडी घालायचा मान तिचा, मी कधी हात लावत नाही.

हे सगळं माहीत असून मी गाडी आणली. मला वाटलं, आधी करून तर दाखवू. एकदा नीटनेटकी खाट दिसली, खिडकीला पडदा दिसला, की येईल पाघळून. मास्तरीण माणूस मी. पोरांना गोडी लागेपर्यंत शिकवत राहायचं, एवढंच मला येत होतं.

गल्लीतला वाढई, म्हणजे सुतार, कामाला आला. आमच्या जिल्ह्यात लाकूड म्हणजे सागवान, बाकीचं सगळं सरपण. मी कुठंतरी पाहून ठेवलं होतं, की गाडीतल्या घरात प्लायवूड वापरतात. तसं म्हटलं तर तो हातातली पेन्सिल कानावर ठेवून मला बघतच राहिला.

"म्याडम, पलायवूड म्हंजे पुठ्ठा हाये. पान्याचा शितोडा पडला का फुगते. उद्या लोकं म्हनतीन, याच्या हातचं काम असं."

मला ते लगेच पटलं. मनात कुठंतरी हेही असणार, की ज्यांच्या बंडीच्या फळ्याही मालकाच्या होत्या, त्यांनी आता चाकांवर घर करायचं तर सागवानातच करावं. त्याच्याकडं पाडलेल्या घरांच्या जुन्या तुळया साठवलेल्या होत्या, काळ्याशार, रंधा मारला की आतून मधासारख्या. त्या वासानं मला तर चढल्यासारखंच झालं. दोन खाटा सागवानी, खाली पेटीसारख्या. ओटा सागवानी. पुस्तकांचं कपाट सागवानी. छतालासुद्धा आतून पट्ट्या मारल्या, सागवानी. मी हो म्हणत गेले आणि तो मारत गेला.

त्याआधी बाकं काढली, तेव्हा खाली पेन्सिलींचे तुकडे सापडले, रिबिनी, बोरांच्या बिया, आणि एका पत्र्यावर कोणी खिळ्यानं कोरलेलं घर. दार, खिडकी, वर सूर्य, बाजूला एक झाड. वाढई त्यावर रंग मारायला निघाला होता, मी अडवलं. जिनं कोणी ते काढलं असेल, तिनं शाळेच्या वाटेवर बसून काढलं होतं. ते मला फार जवळचं वाटलं.

बाकं निघाल्यावर आणि लाकूड चढायच्या आधी काही दिवस गाडी नुसती मोकळी होती. त्या दिवसांची आठवण आली की मी अजून सुस्तावते. दुपारी जेवण झालं की मी चटई घेऊन आत जाऊन पडायची. पिवळा पत्रा, त्यातून येणारा उजेडही पिवळसर, निंबाच्या सावल्या काचांवर हलायच्या. थोडी डुलकी लागली की गाडी चालायला लागायची. खरंच चालायची. नदी यायची, पूल यायचा, ओळखीच्या बस मागं पडायच्या, आणि प्रत्येक शाळेच्या दारात मीच छत्री घेऊन उभी असायची, लहानशी, हात हलवत. मी तिला बोलवायची, ये, बस. ती म्हणायची, घंटा झाली. मग जाग यायची आणि बाहेरून मायचा आवाज यायचा.

"गाडी नाई हालत वं. तुहं डोस्कं हालून राह्यलं."

म्हणजे ती गाडीकडं पाहत होती. मी तेवढ्यावर खूश.

मग एक चूक झाली. खाटेच्या लांबीसाठी मायचं माप हवं होतं. तिला सरळ म्हणावं तर ती 'काऊन?' म्हणेल आणि पुन्हा बंडीचं पुराण निघेल. दुपारी ती ओसरीत बाजेवर निजली होती. मी वाढईला खुणेनं बोलावलं. त्यानं सुतळी काढली, एक टोक तिच्या डोक्याशी धरलं, एक पायाशी, आणि तेवढ्यात तिनं डोळे उघडले. वर वाढईचा चेहरा, अंगावर ताणलेली सुतळी.

"निजल्या मानसाचं माप घेते का कोनी?" तिचा आवाज असा चिरकला, की रस्त्यावरचं माणूस थांबलं. "तिरडीचं घेते तसं!"

वाढई सुतळी टाकून गाडीमागं लपला. आमच्याकडं जित्या माणसाचं माप उभं करून घेतात. आडव्याचं एकदाच घेतात, आणि तेव्हा ते माणूस ओरडत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण पुस्तकं वाचून माणूस असा काही निर्धास्त होतो, की विचारू नका. मी हसण्यावारी न्यायला गेले, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. खाट मात्र त्या सुतळीच्या मापानंच झाली, तेवढ्यात वाढईनं गाठ मारून घेतली होती.

त्यानंतर ती दुपारी निजेनाशीच झाली. ओसरीत बसून गोधडी शिवायची. जुन्या लुगड्यांचे पदर, मी शाळेत नेसून विटलेल्या सुती पातळांचे काठ, सगळं घेऊन बसली. गोधडी अरुंद दिसत होती. कोणाच्या घरी पाळणा हलला असेल, म्हणून मी विचारलं नाही. गावातल्या निम्म्या पोरांच्या अंगाखाली मायच्या हातचं काही ना काही असतं.

गाडीत ती चढली नाही. पण एकदा मागच्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिथल्या दाराकडं बघून म्हणाली, "आतून कडी कुठं हाये?"

कडी नव्हती. पोरांच्या गाडीला आतून कडी कोण लावतं? मागचं दार तर पार गंजलं होतं. मी वाढईला सांगितलं, ते पत्र्याचं दार काढ आणि सागवानी चौकट बसव. त्यानं घराच्या दारासारखंच दार केलं, लहान, पण तसंच जाड, तसाच कडी-कोयंडा. गाडीच्या मागं हे दार पाहून रस्त्यावरची माणसं सायकली थांबवायची. मायनं एकदा कडी घालून पाहिली, काढून पाहिली आणि भाजीला फोडणी द्यायला घरात गेली. येते म्हणाली नाही. मीही विषय काढला नाही, काढला आणि तिनं नाही म्हटलं तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं माझं शहाणपण.

गाडीची कागदं बदलायला आदिलाबादच्या दफ्तराचे हेलपाटे घातले. तिथला कारकून दर वेळी तेच विचारायचा, "मॅडम, इसमें रहेंगे? घर नहीं है क्या?" घर आहे म्हणूनच, हे मला त्याला हिंदीत नीट सांगता आलं नाही. मराठीतही आलं असतं की नाही, शंकाच आहे.

सगळं झालं. पडदे लागले, टाकी भरली, आणि मी एकटीच चालवून पाहायला निघाले. निर्मलच्या घाटापर्यंत गाडी लग्नाच्या वरातीतल्या घोड्यासारखी गेली, सावकाश पण झोकात. घाट उतरताना ब्रेकमधून जळका वास यायला लागला. परतीच्या चढावर तर तिनं हायच खाल्ली. पहिल्या वळणाला धापा, दुसऱ्या वळणाला वाफ, आणि मग नुसती घरघर. मागं ट्रकांची रांग, भोंगे, शिव्या. मी खाली उतरून चाकाला दगड लावला आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून वाट पाहिली. घाटाखालचा एक मेकॅनिक मोटारसायकलवर आला. त्यानं आत डोकं घातलं, भिंतीवर बोटानं टकटक केलं, छतावर टकटक केलं, आणि हसायलाच लागला.

"टेकु? पूरा टेकु?" सागवानाला तेलुगूत टेकु म्हणतात. "मॅडम, बरुवु चाला एक्कुव! वजन! इतना वजन लेके ये कैसे चढेगी? आधा निकालो. नहीं तो घाट भूल जाओ."

आमच्या वाढईला लाकूड पाण्यात फुगेल याची काळजी होती. ते चढावर जड होईल हे ना त्याला सुचलं ना मला. सुचणार कसं? त्यानं आयुष्यभर जागच्या जागी राहणाऱ्या वस्तू केल्या. आणि मला ती गाडी हवी होती, पण मी घडवत होते घर. दोरी लावून, ढकलून, थांबत थांबत कशीबशी घाटावर आले आणि घरी पोचेपर्यंत मी ठरवलं होतं, काय काढायचं ते.

सगळ्यात जड होती मायची खाट. पेटीसारखी, चारी बाजूंनी फळ्या, तिला वाकायला त्रास नको म्हणून उंच केलेली. ती काढली तर गाडी हलकी होणार होती. आणि तसंही, मी मनाशी म्हटलं, ती कुठं येणार आहे? मग गाडी तरी कुठं जाणार होती? जवळपास कुठं, एखादा दिवस, संध्याकाळपर्यंत परत. बस जायची तेवढंच. मला फार वाईट वाटलं. इतकं, की वाढई आला तेव्हा मी त्याला नीट सांगूही शकले नाही, नुसतं खाटेकडं बोट केलं.

त्यानं पहिली फळी उचकटली तसा सागवानाचा कर्रर्र आवाज झाला. माय ओसरीतून उठून आली.

"काय करून राह्यला रे?"

"खाट काढतो, मावशी. वजन लय झालं."

"कोनाची?"

तो माझ्याकडं बघायला लागला. "तुही," मी म्हटलं. "तू तं येनार नाई म्हनली."

"कवा म्हनली?"

"गाडी आली त्याच दिशी. चाकावर राहाचं नाई म्हनून."

"ते चाकाचं म्हनलं म्या." ती गाडीच्या दाराशी आली. "तू मले इचारलं काय, येतं का म्हनून?"

गाडीतच उभी राहून मी उचकटलेली फळी बाजूला सरकवली.

"माप घेतलं, निजल्यावर घेतलं. खाट केली, पडदे लावले, कडी लावली. साऱ्या गावाले सांगून राह्यली, माय येते का नाई कोन जाने. मले इचारलं?" ती चिडलेली नव्हती. हेच कठीण होतं. "तुह्या बापानं बी कवा इचारलं नाई. चांगला होता तो, पर इचारलं नाई. बंडी भरली का बसाचं. हो म्हनाचं नाई अन् नाई म्हनाचं नाई. कोनी इचारलंच नाई तं काय म्हनू?"

वाढईच्या हातात हातोडा तसाच होता. निंबावर कावळे बोलत होते. मी पंचवीस-पंचवीस पोरांच्या वर्गात रोज शंभर प्रश्न विचारणारी बाई, आणि मला हा एक सुचला नव्हता. मी गाडीतून उतरले. आता अंगणात, वाढईच्या समोर, मला लाज वाटत होती आणि तरी विचारायचंच होतं.

"माय," मी म्हटलं, "येशीन का माह्यासंगं?"

तिनं पदर नीट केला. माझ्याकडं पाहिलं, गाडीकडं पाहिलं, उचकटलेल्या फळीकडं पाहिलं.

"इचार करून सांगीन," ती म्हणाली.

"मंग खाट काढू का ठिवू?" वाढई बिचारा मधेच अडकला होता.

"ठिव. इचार होऊस्तोर ठिव."

आणि मग तिनं विचार केला! तो तिनं जो काय केला, तसा विचार करताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पहाटे अंगण झाडताना विचार, दुपारी सुपारी कातरताना विचार. येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना बोलावून सांगायची, "पोरगी इचारून राह्यली ना, येतं का म्हनून. पाहू आता. अजून काई ठरवलं नाई." बाया म्हणायच्या, जा ना मावशी. ती म्हणायची, "जाईन बी, नाई बी जाईन." हे वाक्य ती इतक्या चवीनं बोलायची, की मला आतून भरून यायचं. मी एकदाही घाई केली नाही. भीती वाटत होती, पण ती भीतीही गोड होती, निकालाच्या आदल्या दिवसासारखी.

एका सकाळी मी गाडीत डोकावले तर ती आत होती. कधी चढली, कशी चढली, कळलं नाही. खाटेवर तिची गोधडी अंथरलेली होती. इकडून तिकडून बोटभरही कमी-जास्त नाही. कोणाच्या पाळण्याची नव्हतीच ती. तिनं सुतळीचं ते माप माझ्यापेक्षा बरं लक्षात ठेवलं होतं, आणि त्या दिवसापासून टाके घालत होती. मी दारातच बसून रडले, चांगली हुंदके देऊन.

"रडून काऊन राह्यली?" ती म्हणाली. "येतो ना म्या."

मग वाढईनं उरलेलं सगळं काढलं. छताच्या पट्ट्या गेल्या, कपाट गेलं, ओटा गेला, आणि माझी खाटही गेली. तिच्या जागी निजायला नवारीची एक हलकी पट्टी लागली, पुस्तकं पिशवीत गेली, आणि ओट्याला चक्क पुठ्ठा, म्हणजे प्लायवूड लागलं. वाढईनं ते डोळे मिटूनच ठोकलं असावं. सागवानी राहिलं ते दोनच ठिकाणी, मायची खाट आणि मागचं दार. खिळ्यानं कोरलेलं घरही राहिलं.

दिवाळीनंतर निघालो. समुद्राकडं तोंड करून जायचं होतं, पण माय म्हणाली, आधी उलटं चाल, नदीपलीकडं. का ते मी विचारलं नाही. पैनगंगेच्या पुलावरून गाडी गेली, खाली पाणी होतं, कुठं कुठं वाळू उघडी पडलेली. जुना उतार कुठला ते मला ओळखू आलं नाही. मायनंही काही दाखवलं नाही, नुसती काचेला कपाळ टेकून बसली होती. आमची वेचणी कोण्या गावाला असायची ते आठवेना, पण तसल्याच एका वाटेला मी गाडी वळवली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी फुटलेली, पांढरी. शेतवाल्याला विचारून एका बाभळीशेजारी थांबलो. त्यानं एवढंच विचारलं, हे दार कोण्या घरचं आणलं?

चहा झाला, भाकरी झाली. माय तिच्या खाटेवर पाय लांब करून बसली होती, पाय पुरत होते. ऊन उतरलं. वेचणीच्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन बांधावरून गावाकडं निघाल्या, त्यांतल्या एकीनं वळून आमच्याकडं पाहिलं. मला झोप येत होती, तशी लहानपणी यायची, दिवस सगळा अंगावर पांघरल्यासारखी. आभाळ काचेतून हळूहळू गडद होत होतं आणि मला वाटलं, गाडी उभी आहे, नदी मधोमध आहे, बैल पाणी पीत आहेत.

दिवे लागायची वेळ झाली. माय उठेल म्हणून मी वाट पाहिली, ती उठली नाही. थकली असेल, असं वाटलं. म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा मीच उठले आणि कडीला हात घातला.

"राहू दे," ती म्हणाली.

"माय, उघडंच?"

"उघडं राहू दे." तिनं गोधडी पायावर ओढली. "दार हाये ना आता."

मी कडी सोडली आणि तिच्या पायांशी येऊन बसले. बाहेर पऱ्हाटी बराच वेळ पांढरी दिसत होती, मग दिसेनाशी झाली. माय डोळे मिटून निजली होती, दोन्ही.